फूल की भोवरा?

जुन्या इंग्रजी बनावटीची एखादी दुनळी मोडून नळ्या उताण्या केल्या, की बुडाशी ठशांची रांग दिसते. मुकुट, गुंतवलेली अक्षरे, आकडे. बंदूक १८७५ ते १८८७ या काळातली असेल आणि तिच्या नळीचे तोंड आतून आवळलेले असेल, तर त्या रांगेत तीन शब्द सापडतात: ‘नॉट फॉर बॉल’. या नळीतून गोळी सोडू नका. त्याआधी असे बजावण्याची वेळ फारशी आली नव्हती. सरळ पोटाच्या नळीतून सकाळी तित्तिरासाठी छर्रे उडवावेत आणि संध्याकाळी त्याच नळीत डुकरासाठी शिशाची गोळी भरावी, असा सगळा बिनतक्रार कारभार होता. १८७० च्या दशकात विल्यम ग्रीनर यांच्यासारख्या कारागिरांनी नळीचे तोंड आवळून छर्ऱ्यांचा फवारा घट्ट करण्याची कला पक्की केली. छर्ऱ्यांची चंगळ झाली आणि गोळीची पंचाईत.

ही पंचाईत अजून संपलेली नाही. छर्ऱ्यांसाठी घडवलेल्या बंदुकीतून एकच जड गोळी सोडायची, आणि ती सरळ जावी, नळी फुटू नये, नेम चुकू नये. या एका हट्टापायी गेल्या दीडशे वर्षांत शिसे, नमदा, प्लॅस्टिक, तांबे आणि पोलाद सगळे वापरून झाले. आज या गोळीला जगभर ‘स्लग’ म्हणतात. कोणता स्लग सर्वांत चांगला, यावर बंदूकवाले तासन्‌तास वाद घालतात. मला तो प्रश्नच अर्धवट वाटतो. प्रत्येक स्लग हे कोणत्या तरी एका नळीला दिलेले उत्तर आहे. नळी बाजूला काढली, की उरतो तो शिशाचा गोळा.

म्हणून आधी नळी. बोअरचा आकडा उलटा चालतो. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या आणि त्यातली एक नळीत नेमकी बसली, तर ती नळी १२ बोअरची. वीस केल्या तर २० बोअरची, म्हणजे अधिक बारीक. १२ बोअरचा व्यास १८.५ मिलिमीटर, २० बोअरचा १५.६. चारशे दहाची बंदूक तेवढी या हिशेबाबाहेरची. तिचा आकडा म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात सरळ व्यास. नळीच्या बुडाशी काडतुसाचे घर म्हणजे चेंबर असते. पुढे निमुळता गळा, मग सरळ लांबलचक पोट आणि शेवटच्या दोन-तीन इंचांत चोक. पूर्ण चोक असेल तर तोंड पोटापेक्षा साधारण एक मिलिमीटरने अरुंद असते, सौम्य चोक असेल तर पाव मिलिमीटरने. छर्रे या अरुंद वाटेतून दाटीवाटीने निघून जातात. एकसंध गोळीला अंग चोरता येत नाही.

१२ बोअरच्या नळीत घट्ट बसणाऱ्या गोळीचे वजन सरळ भागाकाराने निघते: ४५३.६ ग्रॅमचा बारावा भाग, ३७.८ ग्रॅम. चोक आला तसे या गोळीला बारीक व्हावे लागले, आणि बारीक झाली की ती पोटात सैल पडली. सैल गोळी नळीच्या भिंतींवर थडकत पुढे सरकते आणि शेवटची थडक जिकडे बसली असेल त्याच्या उलट बाजूला निघून जाते. गोल गोळीला पुढचे-मागचे कळत नाही, त्यामुळे तिने हवेत कोलांट्या घेतल्या तरी बिघडत नाही. पण नळीतून सुटतानाच फिरकी लागलेली असेल तर क्रिकेटच्या चेंडूसारखी ती वळते. पन्नास पावलांपर्यंत डुक्कर मारायला ती पुरायची. त्यापुढे मारणाऱ्याचे नशीब आणि डुकराचेही.

यातून पहिली खरोखर हुशार वाट काढली ती हिंदुस्थानात नोकरी केलेल्या एका अधिकाऱ्याने. जॉर्ज फॉस्बरी बंगाल सैन्यात होते. १८६३ च्या उंबेला मोहिमेत, वायव्य सरहद्दीवरच्या एका कड्यावरील चौकी परत जिंकल्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. जंगलात चालताना पुढच्या झुडपातून मोर उडेल की वाघ निघेल हे सांगता येत नाही, आणि दोन बंदुका खांद्यावर वागवणे जिवावर येते, हे त्यांना चांगले ठाऊक असणार. १८८५ साली त्यांनी पेटंट घेतले ते अशा नळीचे, जी बहुतेक लांबीभर गुळगुळीत होती आणि फक्त तोंडाजवळच्या काही बोटांत तिला आटे पाडलेले होते. छर्रे भरले तर ते आटे चोकचे काम करत. जड शंकूसारखी गोळी भरली तर तीच बोटे तिला गरकन फिरवून सोडत. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या कारखान्याने ही बंदूक ‘पॅराडॉक्स’ नावाने विकली, आणि हिंदुस्थानातले साहेब आणि संस्थानिक हे तिचे हक्काचे गिऱ्हाईक होते. नाव अगदी चपखल: एकाच नळीत दोन परस्परविरोधी स्वभाव.

पॅराडॉक्सची नक्कल करणारे अनेक निघाले. सर्वांत सुबक मात्र चार्ल्स लँकेस्टर यांची पद्धत, आणि ती पॅराडॉक्सच्याही आधीची. त्यांनी आटे पाडलेच नाहीत. नळीचे पोटच किंचित अंडाकृती करून ते पीळ देत पुढे नेले. डोळा लावून पाहिले तर नळी गुळगुळीत दिसते, पण गोळी मात्र फिरत बाहेर पडते. या दोन्ही युक्त्यांचे पुढे रशियात काय झाले ते नंतर सांगतो.

पॅराडॉक्स श्रीमंताची चैन होती. साध्या बंदुकीला, साध्या नळीला चालेल अशी गोळी १८९८ साली लाइपझिगच्या विल्हेल्म ब्रेनेके यांनी काढली. आजही स्लगच्या दुनियेत त्यांचे आडनाव हेच मालाचे नाव आहे. त्यांची युक्ती समजून घ्यायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही, बॅडमिंटनच्या कोर्टावर जावे. आपण ज्याला ‘फूल’ म्हणतो, ते कसेही मारा, बूच पुढे आणि पिसे मागे अशीच स्थिती घेऊन जाते. कारण जड भाग पुढे आहे आणि हवेचा अडथळा मागे. १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांनी या खेळाचे नियम बांधले आणि खेळ काही काळ ‘पूना’ म्हणूनच ओळखला गेला, त्यामुळे हे उदाहरण घ्यायला आपला हक्कच आहे. ब्रेनेके यांनी शिशाच्या भरीव गोळीच्या बुडाला नमद्याची जाड चकती स्क्रूने कायमची जोडून टाकली. इतर काडतुसांत ही चकती, म्हणजे वॅड, नळीबाहेर पडताच गळून जाते. इथे ती गोळीसोबत निशाणापर्यंत जाते आणि पिसांचे काम करते. गोळी फिरली नाही तरी तोंड पुढे ठेवून जाते.

ब्रेनेके गोळीच्या अंगावर तिरक्या फासळ्या असतात. बहुसंख्य लोक मानतात की त्या गोळीला फिरवण्यासाठी आहेत. अमेरिकेत तर अशा गोळ्यांना सर्रास ‘रायफल्ड स्लग’ म्हणतात आणि पुड्यावर तसे छापतात, त्यामुळे गैरसमज आणखी पक्का होतो. थोडी फिरकी मिळते, नाही असे नाही. पण गोळी स्थिर राहते ती फिरकीने नव्हे. फासळ्यांचे खरे काम वेगळे आहे. चोकच्या अरुंद वाटेत भरीव शिसे अडले असते; फासळ्या असल्या की फक्त त्या दबतात, शिसे फासळ्यांमधल्या खोबणीत सरकते आणि गोळी निभावून जाते. जे गोळीचे पंख वाटतात ते खरे तर दबण्यासाठी ठेवलेली जागा आहे. स्लगबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर मी ही ठेवेन.

अमेरिकेत याच फुलाच्या तत्त्वाला दुसरे रूप मिळाले. मंदीच्या काळात रायफल विकत घेणे अनेकांना झेपत नव्हते, घरात शॉटगन मात्र असायची. कार्ल फॉस्टर यांनी १९३१ साली शिशाची अशी गोळी तयार केली जिचे बूड आतून पोकळ होते, शिंपिणीच्या अंगुस्तानासारखे. वजन सगळे नाकात, मागे पातळ कड. जोडलेली चकती नको, स्क्रू नको, आकारातच फूल. पेटंट त्यांना १९४७ साली मिळाले, पण त्याआधीच कारखान्यांनी ही गोळी उचलली होती. १२ बोअरची सर्वसाधारण फॉस्टर गोळी एक औंसाची, म्हणजे २८ ग्रॅमची, आणि नळीबाहेर पडताना तिचा वेग सेकंदाला ४९० मीटरच्या आसपास. वर काढलेल्या नेमक्या मापाच्या गोल गोळीहून ती साडेनऊ ग्रॅमने हलकी आहे, पण पन्नास-पाऊणशे यार्डांत हरणाला तेवढीही पुष्कळ होते. मारणाऱ्याच्या खांद्यालाही.

पोकळ बूड पाहून कुणालाही मिनिए गोळी आठवेल. फ्रेंच अधिकारी मिनिए यांची ही गोळी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आली. तिच्या बुडाची पोकळी धुराच्या दाबाने फुगायची आणि गोळी रायफलच्या आट्यांत रुतायची. तिच्याच कुळातल्या एन्फिल्डच्या चरबी लावलेल्या काडतुसांनी १८५७ साली काय घडवले ते आपल्याला सांगायला नको. या फुगणाऱ्या बुडाची एक जुनी कथाही आहे. १८२३ च्या सुमारास कॅप्टन जॉन नॉर्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याने दक्षिण भारतात फुंकनळीचे बाण पाहिले. त्यांचे बूड कमळाच्या मऊ गाभ्याचे होते, फुंकर बसताच ते फुगून नळी बंद करायचे. त्यावरून त्याला पोकळ बुडाची गोळी सुचली, असे सांगतात. फॉस्टर गोळीचे रूप याच घराण्याचे, पण हेतू वेगळा. तिची पोकळी मुख्यतः वजन पुढे नेण्यासाठी आहे. फुगण्याचा गुणही तिला कामी येतो, आणि इथेच नळीचा संबंध पुन्हा येतो.

फॉस्टर गोळी कोणाच्या घरातल्या कोणत्या बंदुकीत जाईल हे कारखान्याला ठाऊक नसते. म्हणून ती मुळातच बारीक करतात, इतकी की पूर्ण चोकमधूनही सुटावी. पोटात ती सैल पडू नये म्हणून मऊ शिशाची कड दाबाने फुगून भिंतीला टेकेल यावर भिस्त ठेवतात. नळीचे पोट ठरल्या मापाचे असेल तर हे गणित जमते. हल्ली छर्ऱ्यांची घडण सुधारावी म्हणून काही नळ्यांचे पोट मुद्दाम रुंद ठेवतात. अशा नळीत फॉस्टर गोळी खुळखुळ्यासारखी जाते. उलट १९५९ साली इथाका या अमेरिकन कंपनीने ‘डीअरस्लेअर’ ही बंदूक काढली तेव्हा नळी गुळगुळीतच ठेवली, फक्त सबंध लांबीभर अरुंद केली, १८ मिलिमीटरच्याही आत. चोक वेगळा नाहीच. गोळी बुडापासून तोंडापर्यंत एकाच घट्ट वाटेने जाते. गोळीत काडीचा बदल न करता नेम सुधारला. या सगळ्या इतिहासात मला ही बंदूक सर्वांत शहाणी वाटते.

आता चोकचा व्यवहार. मऊ शिशाच्या फॉस्टर किंवा ब्रेनेके गोळ्या आवळलेल्या तोंडातून निघतात, पण उत्पादक शिफारस करतात ती सरळ तोंडाची किंवा सौम्य चोकची. जास्त आवळले की गोळी वेडीवाकडी दबते, नेम बिघडतो, आणि पातळ तोंडाच्या जुन्या नळीला प्रत्येक बाराबरोबर पोटातून ठोसा बसतो. शिसे कडक मिश्रधातूचे असेल, किंवा गोळी दबायला जागाच नसेल, तर चोक असलेल्या नळीपासून तिला लांब ठेवावे; तिथे नळी सुजते किंवा तोंडाशी फुटते. पीळ घातलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या दमास्कस नळ्या तर भिंतीवर शोभतात, तिथेच राहू द्याव्यात.

दुनळीचे आणखी एक दुखणे असते, ते फार थोड्यांना माहीत असते. दोन्ही नळ्या दिसतात समांतर, पण कारागीर त्या पुढे एकमेकींकडे किंचित कलवून जोडतो. धक्क्याने बंदूक उजव्या बारात उजवीकडे आणि डाव्या बारात डावीकडे ढळते, तो ढळ हिशेबात धरून दोन्ही फवारे चाळीस यार्डांच्या आसपास एका जागी यावेत म्हणून हा कल. हिशेब असतो ठराविक वजनाच्या छर्ऱ्यांचा. स्लगचे वजन, वेग आणि धक्का वेगळा. त्यामुळे दोन नळ्यांच्या दोन गोळ्या निशाणापाशी हातभर अंतरावर पडू शकतात. माशी एकच, गोळ्या दोन ठिकाणी. पॅराडॉक्सच्या किमतीतला मोठा भाग हा दोन नळ्यांची गोळी एका जागी आणण्याच्या मेहनतीचा होता.

चेंबरच्या लांबीकडेही बघावे लागते. जुन्या इंग्रजी बंदुकांचे चेंबर अडीच इंची, आजचे सर्वसाधारण काडतूस पावणेतीन इंची, आणि हा आकडा असतो बार उडून तोंड उलगडल्यानंतरच्या लांबीचा. मिटलेले काडतूस अडीच इंची चेंबरात निमूट बसते. कुलूप लागते, काहीच खटकत नाही. बार उडतो तेव्हा त्याचे तोंड गळ्यात उलगडते, वाट अरुंद होते आणि दाब चढतो. त्याहून वाईट म्हणजे २० बोअरचे काडतूस चुकून १२ बोअरच्या नळीत जाणे. ते घरंगळत गळ्याशी अडकते, मागून नळी रिकामी दिसते, माणूस १२ बोअरचे काडतूस भरतो आणि चाप ओढतो. नळी हाताशी फुटते. २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात या एका अपघातापायी पडला.

फुलाची हद्द शंभर यार्डांच्या आतच संपते. त्यापुढे जायचे तर भोवरा हवा. भोवरा उभा राहतो तो फिरतो म्हणून. लांबट गोळीही फिरली तरच नाक पुढे ठेवते. आट्यांच्या नळ्या शॉटगनला १९८० च्या दशकापासून अमेरिकेत सरसकट मिळू लागल्या. पण १८.५ मिलिमीटर जाडीची गोळी फिरवली तरी ती हवा कापत नाही, ढकलत जाते. म्हणून गोळी बारीक केली, साधारण अर्ध्या इंचाची, आणि उरलेली जागा भरायला तिला प्लॅस्टिकचे जोडे घातले. या आवरणाला ‘सॅबो’ म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लाकडी जोडा. प्लॅस्टिक आट्यांना धरते, गोळीला फिरवते, तोंडाबाहेर येताच पाकळ्या उलगडून गळून पडते आणि गोळी एकटी पुढे जाते. बॅलिस्टिक रिसर्च इंडस्ट्रीज या कंपनीची पहिली गाजलेली सॅबो गोळी डमरूच्या आकाराची होती. पुढे ती विंचेस्टरकडे गेली.

आटे किती पिळाचे हवेत, याचा अंदाज बांधायला १८७९ सालचे एक सूत्र आजही पुरते. वूलविचच्या तोफखाना शाळेतले गणिती जॉर्ज ग्रीनहिल यांनी सांगितले: व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणा, लांबीने भागा, येईल तेवढ्या इंचांत एक फेरा पुरे. करून बघू. पूर्ण मापाची फॉस्टर गोळी ०.७३ इंच जाड आणि समजा ०.८ इंच लांब. उत्तर येते शंभर इंचांना एक फेरा. म्हणजे या ठेंगण्या गोळीला फिरकी जवळजवळ नकोच. आता अर्धा इंच जाड, एक इंच लांब अशी सॅबो गोळी घ्या. उत्तर साडेसदतीस इंच. गोळी थोडी लांबवली, किंवा शिशाऐवजी हलके तांबे घेतले, की आकडा तिशीकडे उतरतो. बाजारात १२ बोअरच्या आट्यांच्या नळ्या २८ पासून ३६ इंचांना एक फेरा अशा मिळतात, ते काही योगायोगाने नव्हे. २० बोअरची गोळी आणखी बारीक, म्हणून सॅव्हेज कंपनीच्या २० बोअर स्लग-बंदुकीत पीळ २४ इंचांचा. ३०० ग्रेनची, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमची सॅबो गोळी सेकंदाला ६१० मीटर वेगाने ३५ इंची पिळातून निघाली, तर मिनिटाला चाळीस हजार फेऱ्यांच्या गतीने गरगरत जाते. दीडशे यार्डांवर तिचा नेम साध्या रायफलीच्या जवळपास जातो.

जोड्या चुकल्या की काय होते, हे यावरून आपोआप कळते. सॅबो गोळी गुळगुळीत नळीत घातली तर ती फिरत नाही. फिरत नाही म्हणून जोडेही नीट सुटत नाहीत, आणि फुलासारखे जड नाक नसल्यामुळे गोळी हवेत आडवी पडते. निशाणाच्या कागदावर तिचे भोक लांबट उमटते, किल्लीच्या भोकासारखे. नळीला इजा नाही, नुकसान फक्त पैशाचे. या गोळ्या चांगल्याच महाग असतात. उलट फॉस्टर गोळी आट्यांच्या नळीत घातली तर ती जाते बरी, पण मऊ शिसे आट्यांत लिंपले जाते आणि दहा-वीस बारांनंतर नेम ढेपाळतो. आट्यांच्या नळीतून छर्रे उडवले तर ते फिरकीने बाहेर फेकले जातात आणि मध्ये पोकळ कडे उरते. तोंडाशी बसवायचे आट्यांचे चोक मिळतात, फॉस्बरींच्या कल्पनेची स्वस्त आवृत्ती. त्यांच्यात तडजोड अशी की पूर्ण वेगात आलेल्या गोळीला तीन-चार बोटांत एकदम फिरायला लावायचे असते, आणि ती कधी कधी आट्यांना न जुमानता घसरून जाते.

फ्रान्समधल्या सोव्हेस्त्र कंपनीने फूल आणि जोडे या दोन्ही कल्पना एकत्र केल्या. त्यांची गोळी म्हणजे मागे पंख असलेला छोटा बाण. तो सॅबोत बसवलेला असतो, गुळगुळीत नळीतून सुटतो आणि बाहेर पडल्यावर पंखांवर सरळ जातो. लाटव्हियाच्या डुप्लेक्स कंपनीने पोलादी स्लग काढले. पोलाद नळीला लागले तर नळी खरवडेल, म्हणून त्यांच्याभोवती प्लॅस्टिकचे वेष्टन असते. शिशाविरुद्धचा कायद्यांचा रेटा वाढतो आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिसे पूर्ण बंद आहे. शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९, पोलादाची ७.८. तेवढेच वजन हवे तर गोळी लांब होणार, लांब झाली की ग्रीनहिलच्या सूत्राप्रमाणे पीळ जास्त हवा. म्हणजे पर्यावरणाच्या कायद्याने शेवटी नळी बदलावी लागते.

कायद्याचा विषय निघालाच आहे. स्लगवर एवढी बुद्धी खर्च झाली ती मुळात कायद्यामुळे. अमेरिकेत ओहायो, इलिनॉय, आयोवा यांसारखी सपाट मक्याची राज्ये. तिथे रायफलची गोळी दूरच्या वस्तीपर्यंत जाईल या भीतीने हरणाच्या शिकारीला रायफल बंद, शॉटगन चालू. मग शॉटगनची रायफल करण्याची शर्यत लागली: आट्यांची नळी, दुर्बीण, नळी फ्रेममध्ये कायमची स्क्रूने आवळलेली. शेवटी जे तयार झाले ते सगळ्या अर्थांनी रायफलच होते, फक्त धक्का दुप्पट. २००७ साली पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळासाठी एक अभ्यास झाला. त्यात निघालेली गोष्ट अनेकांना पचली नाही. उंच कोनात चुकून उडालेला बार असेल तर रायफलची गोळी खरोखरच सर्वांत लांब जाते. पण जमिनीला समांतर मारलेल्या बारात शॉटगनचा स्लग जास्त लांब जाऊ शकतो, कारण तो जड, बोथट गोळा फुटत नाही, टप्पा खाऊन पुढे जातो. पुढे ओहायोने २०१४ पासून सरळ भिंतीच्या काडतुसांच्या रायफलींना मोकळीक दिली. इलिनॉयमध्ये २०२३ पासून एकबारी रायफल चालू लागली. ज्या सक्तीने स्लगला वाढवले ती सैल होते आहे, आणि महागड्या सॅबो गोळ्यांचा बाजार तिच्यासोबत आटणार हे उघड दिसते.

रशियात उलटे झाले. तिथे आट्यांच्या बंदुकीचा परवाना मिळायला गुळगुळीत नळीची बंदूक काही वर्षे बाळगावी लागे. मात्र तोंडाशी १४० मिलिमीटरपर्यंत आटे असले तरी नळी गुळगुळीतच धरली जाई. मग फॉस्बरींचा पॅराडॉक्स शंभर वर्षांनी रशियन कारखान्यांत पुन्हा जन्माला आला. त्याच्या मागोमाग लँकेस्टर यांची पिळाची अंडाकृती नळीही आली, कारण तिच्यात कायद्याच्या भाषेतले आटे नव्हतेच. २०२१ च्या कायदादुरुस्तीने ही पळवाट आवळली. व्हिक्टोरियाच्या काळात वाघासाठी केलेली युक्ती एकविसाव्या शतकात परवान्याच्या कलमासाठी वापरली गेली, याची मौज वाटल्याशिवाय राहत नाही.

आपल्याकडे हे सगळे निराळ्या मापाने मोजावे लागते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली. उरली ती शेतीसंरक्षणाची बंदूक. सिंधुदुर्ग, रत्नागिरीत अशा परवान्यांची मोठी संख्या आहे, परवान्यावर एस.बी.एम.एल. म्हणजे एकनळी ठासणीची, एस.बी.बी.एल. म्हणजे एकनळी काडतुसाची, डी.बी.बी.एल. म्हणजे दुनळी, अशी नोंद असते. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. तोवर डुकरांना आचारसंहिता लागू नसते. पुण्याच्या खडकीतील दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसे या बंदुकांत पिढ्यान्‌पिढ्या भरली गेली. आट्यांची नळी, सॅबो, दुर्बीण ही सगळी अमेरिकन चैन; इथे प्रश्न साधाच राहतो. माकडे आणि डुकरे हुसकावायला छर्रे पुरतात. नासधूस करणारे डुक्कर मारायचे तर वनखात्याची परवानगी लागते, आणि ती हातात असली की कोणी तरी गोळीचे काडतूस मागतो.

तेव्हा आजोबांच्या दुनळीचे पोट आणि तोंड मोजून घ्यायला हवे, चेंबर अडीच इंची आहे का ते पाहायला हवे, उजवी नळी सहसा मोकळी आणि डावी आवळलेली असते हे ध्यानात ठेवायला हवे. परवान्यावर यातले काहीच लिहिलेले नसते. आणि पेनसिल्व्हेनियाचा तो अभ्यास आमच्या सड्यावर आणून ठेवावा असा आहे. जांभ्याच्या उघड्या कातळावर उतरत्या उन्हात नेम धरलेला असतो. छर्रे चुकले तर काही अंतरावर जोर संपून पडतात. २८ ग्रॅमचा स्लग चुकला, कातळाला चाटून उठला, तर कुठे जाणार हे मारणाऱ्याच्या हातात नसते. आणि सड्याच्या पलीकडच्या उताराखाली बहुधा कुणाची तरी वाडी असते.